घरगुती पाळणाघराचे नियम : कागदावर असावेत की शेजारधर्मावर सोडावेत?

गव्हाळी (आर्वी तालुका)

नमस्कार मंडळी. मी आर्वी तालुक्यातील एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. माझी मुलगी दीड वर्षाची आहे आणि मी शाळेत असताना ती आमच्याच गल्लीतील एका काकूंकडे असते. काकूंनी प्रथम केवळ तिला सांभाळायचे कबूल केले होते. परंतु पुढे कापूस वेचायला जाणाऱ्या बायकांनी, नोकरीसाठी रोज एसटीने तालुक्याला जाणाऱ्या एका दांपत्याने आणि आमच्या आशाताईंनीही आपापली मुले त्यांच्याकडे ठेवायला सुरुवात केली, आणि आता कोणी न ठरवताच त्या घराचे पाळणाघर झाले आहे.

परवा काकूंनी मला बोलावून सांगितले, "बाई, तुम्ही लिहित्या-वाचत्या आहात. मला नियमांचा एक कागद करून द्या, पण असा करा की कोणाचे मन मोडणार नाही." मी वही घेऊन बसले खरी, पण जसजशी लिहू लागले तसतसे लक्षात आले की प्रत्येक ओळीमागे एक भांडण दडलेले आहे. मूल तापाने फणफणले असेल तर आणावे की नाही? शेवटची बस चुकली तर काकूंनी मूल किती वेळ सांभाळावे? मूल घ्यायला नात्यातले कोणीही आले तरी चालेल का? सर्वांत अवघड प्रश्न पैशांचा आहे : वेचणीच्या हंगामात मूल रोज येते आणि हंगाम सरला की दोन-दोन महिने येत नाही, अशा वेळी काकूंनी ती जागा धरून ठेवावी की दुसऱ्या मुलाला द्यावी?

माझे स्वतःचे मत असे आहे की नियम लिहिलेले असावेत आणि मूल ठेवण्यापूर्वीच ते सर्वांना वाचून दाखवावेत. आपल्यापैकी ज्यांनी घरगुती पाळणाघरात मूल ठेवले आहे किंवा जे स्वतः मुले सांभाळतात त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

वऱ्हाडचा_वाटसरू (दर्यापूर)

ताई, आपला हेतू चांगला आहे याबद्दल शंका नाही, तरीही गावात असा कागद करणे मला पटत नाही. आमच्याकडे शेजारणीकडे मूल ठेवून वावरात जाण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या कागदाशिवाय चालत आली आहे. शेजारीण आजारी पडली तर तिच्या घरी भाकर पोहोचते, तिच्या लेकीच्या लग्नात सारी गल्ली राबते, आणि मूल सांभाळण्याची परतफेड अशा नाना वाटांनी होत राहते. एकदा नियम लिहिला की माणूस नियमापुरताच वागू लागतो. आज बसला उशीर झाला म्हणून पैसे मागितले, तर उद्या तिच्या घरी लग्नाला कोण राबेल? शहरातील पाळणाघराला नियम हवेत, कारण तिथे कोणी कोणाला ओळखत नाही.

पाळणावाली_काकू (पुसद तालुका)

दादा, मी मुले सांभाळणारी बाई आहे म्हणून दुसरी बाजू सांगते. परतफेड नाना वाटांनी होते हे खरे, पण ती कधी आणि किती व्हावी हे मूल ठेवणारा ठरवतो. सांभाळणाऱ्या बाईला "नाही" म्हणायची सोय नसते. नियम नव्हते तेव्हा संध्याकाळी दिवेलागणीनंतरही दोन-तीन मुले माझ्या ओसरीवर असायची, माझा स्वयंपाक खोळंबायचा आणि घरात धुसफूस व्हायची. मी कोणाला काही बोलत नव्हते, पण मनात साठत होते, आणि मनात साठलेले मुलांवर निघण्याची भीती मला वाटू लागली. तेव्हा मी नियम केले. त्यानंतर एकाही घराशी माझे संबंध बिघडले नाहीत. उलट आता आयाच एकमेकींना आठवण करून देतात.

गव्हाळीताई, माझी पद्धत सांगते, उपयोगी वाटेल ते घ्या. मूल हातातून हातात द्यायचे, फाटकाशी सोडून जायचे नाही, हा माझा पहिला नियम आहे. घेताना मी आईसमोरच मुलाचे अंग पाहते : कुठे ओरखडा, चावा, पुरळ, टेंगूळ आहे का. असेल तर तिथेच वहीत लिहिते आणि संध्याकाळी मूल परत देताना पुन्हा तसेच दोघी मिळून पाहतो. यामुळे "हे तुमच्याकडे लागले की आमच्याकडे" हा वाद आजवर झालेला नाही. मग तीन गोष्टी विचारते : रात्री झोप झाली का, सकाळी काय खाल्ले आणि शी झाली का. मूल उपाशी आणू नये असे मी स्पष्ट सांगितले आहे, कारण सकाळी एकाच वेळी पाच मुले भुकेने रडू लागली तर एकटी बाई काय करणार?

वही खिळ्याला टांगलेली असते आणि पेन तिलाच दोरीने बांधलेले असते, नाहीतर पेन मुलांच्या हाती जाते. ज्या आयांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी मी प्रत्येक मुलाला एक रंग ठरवून दिला आहे. त्या रंगाच्या दोऱ्याचे चार टाके मुलाच्या कपड्यांच्या आतल्या बाजूला, दुपट्याच्या कोपऱ्यात आणि पिशवीच्या बंदावर घातलेले असतात. पाण्याच्या पेल्याच्या कानालाही तोच दोरा. पिशवीत दोन जोड कपडे, दोन दुपटी, एक जुने पातळ आणि पावसाळ्यात एक जोड जास्त. एवढे केले की कोणाचे कपडे कोणाकडे गेले याचा घोळ उरत नाही.

तान्हापोळा (हिंगणघाट)

काकू, रंगीत दोऱ्याची युक्ती फारच आवडली. आमच्या लेकाच्या पाळणाघरातही असेच रंग आहेत आणि त्याचा रंग हिरवा. आता घरी हिरवी म्हणून जी वस्तू दिसेल ती तो "माझी" म्हणून मांडीवर ओढून घेतो. मागे भाऊजी हिरवा गमछा घालून पाहुणचाराला आले होते, ते गमछा येथेच ठेवून गेले.

परिचारिका_मूल (जि. चंद्रपूर)

मी उपकेंद्रावर काम करते, त्यामुळे आजारपणाच्या नियमाबद्दल जरा विस्ताराने लिहिते, कारण इथेच सर्वांत जास्त संकोच होतो. मजुरी बुडेल म्हणून आई तापातले मूल आणते आणि सांभाळणारीला तिची दया येते. दोघींचेही चुकत नाही, परंतु एका मुलाचा ताप आठवडाभरात सर्व घरांत जातो आणि मग सर्वांचीच मजुरी बुडते. म्हणून नियम असा असावा : तापाचे औषध न देता चोवीस तास ताप आला नाही, तरच मूल आणावे; जुलाब-उलट्या थांबल्यावर दोन दिवस जाऊ द्यावेत; कांजिण्यांमध्ये सर्व फोडांवर खपली धरेपर्यंत आणि गोवरात पुरळ उठल्यापासून निदान चार दिवस मूल घरीच ठेवावे. गोवर-रुबेलाची लस ९ ते १२ महिन्यांच्या दरम्यान आणि पुन्हा १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान दिली जाते. मूल ठेवून घेताना लसीकरणाचे कार्ड एकदा पाहावे आणि राहिलेल्या लसी कोणत्या दिवशी द्यायच्या तेही वहीत लिहावे.

औषधाबाबत मी फार कडक राहण्याचा सल्ला देईन. डॉक्टरांची चिठ्ठी आणि मूळ बाटली असेल तरच औषध द्यावे, पहिला डोस आईवडिलांनी घरी दिलेला असावा, आणि किती वाजता किती दिले हे लगेच लिहावे. तापाच्या औषधाचे थेंब आणि पातळ औषध दिसायला सारखे असले तरी त्यांतील औषधाचे प्रमाण बरेच वेगळे असते. चमच्याने थेंबांचे औषध दिले गेले तर मात्रा कितीतरी पटींनी जास्त होते. खोकल्याचे औषध तर शेजारणीच्या सांगण्यावरून मुळीच देऊ नये. २०२५ मध्ये आपल्या सीमेलगतच्या छिंदवाडा जिल्ह्यात दूषित खोकल्याच्या औषधाने लहान मुले दगावली आणि त्यांतील अनेकांना उपचारासाठी नागपूरला आणले होते, हे आपण विसरू नये.

आणखी एक गोष्ट विदर्भात विसरून चालणार नाही, ती म्हणजे सिकलसेल हा आईवडिलांकडून मुलात येणारा रक्ताचा आजार. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या पट्ट्यात हा आजार असलेली मुले बऱ्याच गावांत आहेत. पालकांनी ही बाब लपवू नये आणि सांभाळणारीने ती चव्हाट्यावर आणू नये. अशा मुलाला दिवसभर थोडे थोडे पाणी पाजत राहावे लागते, उन्हात किंवा कडाक्याच्या थंडीत ठेवून चालत नाही, आणि ताप आला तर "संध्याकाळी पाहू" असे न म्हणता त्याच वेळी दवाखान्यात न्यावे लागते. मूल केवळ वाहक असेल तर मात्र त्याला इतर मुलांसारखेच वागवावे, त्याला उगाच बसवून ठेवू नये. १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक आणि आईवडिलांचे दोन-दोन क्रमांक दाराच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरांत लावलेले असावेत.

आजी_पांढरकवडा

बाईसाहेब, सर्व पटले. मीही दोन नातवंडे आणि शेजारचे एक तान्हे बाळ सांभाळते. फक्त एक विचारते. आशाताई म्हणतात की सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला पाणी द्यायचे नाही. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, नवतपात तर अंगाची लाही लाही होते. त्या बाळाची आई दुपारपर्यंत येत नाही. तान्ह्याचा घसा कोरडा पडत असेल, आणि मी त्याला चमचाभर पाणीही द्यायचे नाही, हे माझ्या जिवाला पटत नाही.

परिचारिका_मूल (जि. चंद्रपूर)

आजी, आपली माया समजते आणि आपण उघडपणे विचारले हे फार चांगले केले. आईच्या दुधात बहुतांश पाणीच असते; बाळाला वरचेवर पाजले तर कडक उन्हाळ्यातही त्याची तहान त्यातूनच भागते. वरचे पाणी दिले की इवलेसे पोट भरते, दूध कमी जाते आणि त्या पाण्यातून जुलाबही होऊ शकतात. तेव्हा खरा प्रश्न पाण्याचा नसून बाळाची आई दुपारपर्यंत येत नाही हा आहे. नियम तिथे करायला हवा. वावर जवळ असेल तर आईने मधल्या वेळेत एकदा येऊन पाजून जावे आणि शेतमालकानेही ते मान्य करावे. वावर दूर असेल तर तिने स्वच्छ उकळलेल्या वाटीत दूध काढून ठेवावे. असे दूध साधारण २५ अंशांच्या खोलीत चार तास टिकते, परंतु आपल्याकडच्या उन्हाळ्यात तेवढा भरवसा धरू नये. फ्रीज असेल तर फ्रीजमध्ये ठेवावे आणि वाटी-चमच्याने पाजावे. बाटली धुण्यात हयगय होते, वाटी-चमच्यात ती भीती कमी. बाळ सुस्त वाटले, लघवी कमी झाली किंवा टाळू खोल गेलेली दिसली तर मात्र वाट न पाहता उपकेंद्र गाठावे.

आणि मध चाटवण्याची रीत आपल्याकडे असेल तर वर्षाच्या आत तीही नको, आजी.

आजी_पांढरकवडा

शेतमालकिणीशी मीच बोलते. ती माझ्या माहेरच्या गावची आहे, ऐकेल.

तारजोडणी (वर्धा जिल्हा)

मी विजेची कामे करतो आणि सर्व पाळणाघरवाल्यांना हात जोडून एक विनंती करतो. उन्हाळ्यात आपल्याकडे प्रत्येक घरात पत्र्याचा कुलर असतो आणि दरवर्षी कुलरचा शॉक लागून मुले-माणसे दगावल्याच्या बातम्या येतात. ओली फरशी, अनवाणी मूल आणि लोखंडी पत्रा हे तिन्ही एकत्र आले की तारेतील लहानसा दोषही जीवघेणा ठरतो. कुलर खिडकीबाहेर, मुलांचा हात पोहोचणार नाही असा बसवावा. पाणी भरताना केवळ बटण बंद करून भागत नाही, पिन काढूनच पाणी भरावे. घराला खरेखुरे अर्थिंग आहे का हे तपासून घ्यावे आणि शॉक लागताच वीज तोडणारे यंत्र मुख्य फळीवर बसवावे. त्याचा खर्च एका घरावर पडू नये. ज्यांची मुले तिथे असतात त्या सर्वांनी मिळून तो उचलावा, असे माझे मत आहे.

संत्रामळा (वरूड)

कुलरच्या जोडीला पाण्याचेही लिहा. रांगते मूल हातभर पाण्याच्या बादलीतही बुडू शकते. आमच्या मुलीच्या पाळणाघरात बादल्या वापरून झाल्या की पालथ्या घालतात आणि अंगणातल्या टाक्याला झाकण लावून वर कडी घातलेली असते. विहीर असलेल्या घरी तर विहिरीला जाळी बसवल्याशिवाय मुले घेऊच नयेत.

दुसरा मुद्दा शेतकरी म्हणून मांडतो. फवारणी करून परस्पर मूल घ्यायला जाऊ नये, हा नियम प्रत्येक गावातील पाळणाघरात असला पाहिजे. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले. मोठ्या माणसाला जे विष मारू शकते, ते कपड्यांवर घेऊन आपण लेकराला छातीशी धरतो आणि ते लेकरू आपल्या खांद्याचे कापड तोंडात घालते. मी फवारणीच्या दिवसांत मोटारीवरच अंघोळ करतो, फवारणीचे कपडे वेगळ्या पिशवीत बांधून ठेवतो आणि मगच मुलीला घ्यायला जातो. औषधाचे रिकामे डबे धुऊन पाण्यासाठी किंवा खेळण्यासाठी वापरणे तर ताबडतोब बंद झाले पाहिजे.

वकील_वाशीम

चर्चा वाचून एक गोष्ट मांडावीशी वाटते. आपण सर्व नियम त्या एका काकूंसाठी लिहीत आहोत, परंतु ही जबाबदारी तिच्या एकटीची नाही. रोजगार हमीच्या २००५ च्या केंद्रीय कायद्यात कामाच्या जागी सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असतील तर त्यांना सांभाळण्यासाठी एका बाईची नेमणूक करावी आणि तिला मजुरी द्यावी, अशी तरतूद केली होती. प्रसूती लाभाच्या कायद्यात २०१७ मध्ये जी दुरुस्ती झाली तिने पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक केले. पण वावरात वेचणी करणाऱ्या बाईची आस्थापना कोणती? अंगणवाडी १९७५ पासून आहे, मात्र ती काही तासच चालते. २०२२ पासून मिशन शक्तीखालील पालना योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची सोय झाली आहे आणि ती सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी आहे. आपल्या ग्रामसभेत हा विषय मांडून तसा ठराव करून घ्यावा, असे मी सुचवतो. मागणी गेल्याशिवाय कोणतीही योजना गावापर्यंत चालत येत नाही.

गव्हाळी (आर्वी तालुका)

वकीलसाहेब, ग्रामसभेचे मनावर घेतले आहे. अंगणवाडीचा विषय निघालाच आहे तर सांगते, आमच्याकडे तीन वर्षांवरची मुले सकाळी अंगणवाडीत जातात आणि तिथून काकूंकडे येतात. ती ने-आण कोणी करायची हे आजवर ठरलेले नव्हते. अंगणवाडीच्या मदतनीस बाई त्याच रस्त्याने घरी जातात, त्यांनी मुलांना काकूंच्या दारापर्यंत सोडायचे कबूल केले आहे, आणि काकूंनी मुले मोजून घ्यायची.

विदर्भाशी संबंध असलेल्या ताराबाई मोडकांची या निमित्ताने आठवण झाली. त्यांचा संसार अमरावतीला होता, आणि पुढे बोर्डी-कोसबाडला त्यांनी अनुताई वाघांसह मुलांच्या अंगणातच शाळा नेली. मूल जिथे आहे तिथे जाऊन त्याच्यासाठी व्यवस्था उभी करायची, ही त्यांची दृष्टी मला आपल्या या लहानशा कामालाही लागू वाटते.

बाजारवार (मंगरूळपीर)

खाण्याबद्दल कोणीच लिहिले नाही याचे आश्चर्य वाटते, कारण आमच्या गावी पाळणाघर मोडायची वेळ डब्यांवरूनच आली होती. एका घरचा डबा शिरा-पुरीचा, एका घरची कोरडी भाकर. मग एक मूल दुसऱ्याच्या डब्याकडे पाहत राहते. एकाने रंगीत कुरकुऱ्यांची पुडी आणली की बाकीची जेवत नाहीत. शेवटी सर्वांनी ठरवले की डबा कोणीच आणायचा नाही. प्रत्येक घराने महिन्याचे तांदूळ, डाळ आणि थोडे तेल द्यायचे आणि मुलांना तिथेच मऊ वरणभात, भाजी, कधी ज्वारीच्या भाकरीचा काला द्यायचा. तिखट घालण्याआधीच मुलांचे वरण वेगळे काढायचे. शेंगदाणे, फुटाणे, आठळीसकट बोरे लहान मुलांच्या हाती द्यायची नाहीत, ती श्वासनळीत अडकतात.

आणि एक नियम मी आग्रहाने मांडतो : सर्व मुले एका पंगतीत बसतील, एकाच माठातले पाणी पितील आणि एकाच झोळीत आळीपाळीने झोपतील. कोणत्या घरचे मूल कोणाच्या शेजारी बसवू नये असे सांगणाऱ्या पालकाला नम्रपणे पण ठामपणे "मग आपल्या मुलाची दुसरीकडे सोय पाहा" असे सांगावे. आमच्या काकूंनी हे सांगितले. ते पालक रुसून गेले आणि पंधरवड्याने मूल घेऊन परत आले.

पाळणावाली_काकू (पुसद तालुका)

बाजारवारदादा, त्या काकूंना माझा नमस्कार सांगा. हे तोंडावर बोलायला फार धीर लागतो, आणि म्हणूनच ते कागदावर लिहिलेले असावे. मग ते त्या बाईचे एकटीचे बोलणे राहत नाही, सर्वांचे होते.

वागणुकीबद्दलही माझा नियम सांगते. मी मुलाला मारत नाही आणि कोणी मला "दोन ठेवून द्या, आमची हरकत नाही" असे सांगितले तरी मारत नाही. मूल चावले किंवा ढकलू लागले तर त्याला उचलून माझ्याजवळ बसवते आणि दोन्हीकडच्या आयांना सांगते, मात्र कोणाच्या मुलाने केले त्याचे नाव दुसरीला सांगत नाही. नाव कळले की गल्लीत भांडण होते आणि मुले दुसऱ्या दिवशी पुन्हा एकत्र खेळत असतात. मोबाईल मुलांना दाखवत नाही. मुलांचे फोटोही गटावर टाकत नाही. ज्याच्या त्याच्या आईला तिच्या मुलाचा आवाज पाठवते, त्यानेही तिचा जीव शांत होतो.

वऱ्हाडचा_वाटसरू (दर्यापूर)

काकूंचे दोन्ही प्रतिसाद शांतपणे वाचले. संकोचामुळे जो भार एकाच बाईवर पडतो त्याकडे मी त्या बाजूने पाहिले नव्हते, ते मला मान्य आहे. तरीही उशिराचे पैसे लावणे मला अजून रुचत नाही. बस बंद पडली तर त्या मायबापांचा काय दोष?

पाळणावाली_काकू (पुसद तालुका)

दोष नाही, म्हणून मी पैसे लावत नाही. मी प्रत्येक घराकडून एक "दुसरा माणूस" लिहून घेते, जो गावातच असतो आणि ज्याला मूल ओळखते. आईवडील ठरल्या वेळेत आले नाहीत की तासाभराने मी त्याला बोलावते आणि तो मूल घेऊन जातो. वहीत नाव असलेल्याखेरीज कोणाच्याही हाती मूल देत नाही, मग तो सख्खा मामा का असेना. नवीन माणूस यायचा असेल तर आईने किंवा वडिलांनी स्वतः फोन करून सांगायचे आणि मी त्यांचा आवाज ओळखायचा. दारू पिऊन आलेल्याच्या हाती मात्र मूल द्यायचे नाही, मग तो बाप असला तरी. तेव्हा दुसऱ्या माणसालाच बोलावते. हा नियम मी सर्वांसमोर वाचून दाखवला होता, त्यामुळे वेळ आली तेव्हा मला वाद घालावा लागला नाही.

पैशांचे म्हणाल तर गव्हाळीताई, नोकरीवाल्यांकडून महिन्याचे आणि मजुरीवाल्यांकडून आठवड्याचे घ्या. मजुरीचा चुकारा बाजाराच्या दिवशी होतो, त्याच संध्याकाळी आई बाजारातून येताना देते. महिनाअखेरीस एकरकमी मागितले तर तिच्याजवळ नसतात आणि ती लाजेने मूल आणायचेच बंद करते.

बाजारवार (मंगरूळपीर)

अगदी बरोबर. आणि हंगाम सरल्यावर जागा धरून ठेवायची असेल तर आमच्याकडे पाव रक्कम ठरली आहे. त्या बदल्यात काकू ती जागा दुसऱ्या कोणाला कायमची देत नाहीत, पण तात्पुरते मूल घेऊ शकतात. ज्यांना पाव रक्कमही जड जाते त्या घरून तूर किंवा ज्वारी येते, काकूंना ती चालते. काकूंच्या सुट्याही आधीच ठरलेल्या आहेत : पोळा, तान्हा पोळा, महालक्ष्म्यांचे तीन दिवस आणि दिवाळीचे पाच. त्या सुट्यांचे पैसे कापायचे नाहीत. शिक्षकांचे पगार सुटीत कापले जातात का?

गव्हाळी (आर्वी तालुका)

मुळीच नाही, आणि हा युक्तिवाद मी बैठकीत जसाच्या तसा मांडला.

रविवारी सर्व पालक काकूंच्या अंगणात जमले होते. मी मसुदा वाचून दाखवला. पाव रकमेचा नियम, दुसरा माणूस, एक पंगत, फवारणीनंतर अंघोळ हे सर्व एकमताने मान्य झाले. कुलरच्या यंत्राचा खर्च वाटून घ्यायचेही ठरले. अडले ते आजारपणाच्या नियमावर. एक गृहस्थ म्हणाले, "मूल आजारी पडले की बायकोची मजुरी बुडणार." तेव्हा आशाताईंनी त्यांना सर्वांसमोर विचारले की दर वेळी तिचीच का बुडावी. बराच वेळ कोणी बोलले नाही. शेवटी असे लिहिले आहे : "मूल आजारी असताना आई आणि वडील यांनी आळीपाळीने घरी राहावे." काकूंनी ते वाक्य मला दोनदा वाचायला लावले.

आता एकच प्रश्न राहिला आहे. आमच्या गावाला वळसा घालून नाला जातो आणि पावसाळ्यात त्याला पूर आला की पलीकडच्या वावरात गेलेली माणसे तिकडेच अडकतात. अशा रात्री मूल कोणाकडे राहावे, यावर कोणाचा अनुभव आहे का?

झाडीपट्टी (सिंदेवाही)

ताई, आमच्याकडे रोवणीच्या दिवसांत हे दरवर्षी घडते. आम्ही असे ठरवले आहे की आभाळ भरून आले असेल त्या दिवशी ज्यांची मुले पाळणाघरात आहेत अशा दोघांनी एकाच वेळी नाल्यापलीकडे जायचे नाही. आई गेली तर वडिलांनी अलीकडच्या बांधीत काम पाहायचे. ज्या घरी दोघांनाही जावेच लागते त्यांचा "दुसरा माणूस" नाल्याच्या अलीकडचाच असला पाहिजे. पूर आला की रात्री मूल त्याच्याकडे झोपते, पाळणाघरात नाही, कारण काकूंनाही रात्रीची झोप हवी. पावसाळ्यात त्याच्या घरी मुलाचा एक जोड कपडे आणि ओळखीचे एक दुपटे आधीच नेऊन ठेवावे. मूल अंगावर पीत असेल तर आईने त्या दिवसांत नाला ओलांडूच नये. आणि काहीही झाले तरी मुलाच्या ओढीने पुरातून वाट काढायची नाही, हे मोठ्या माणसांसाठी ठळक अक्षरांत लिहा. आमच्या कागदावर ती ओळ सर्वांत वर आहे.